कॅसेट आज लागते, उद्या लागत नाही: जुन्या टीव्ही गेमचं जुनाट दुखणं

"तुमच्याकडे चालत होती म्हणता, मग माझ्याकडे नुसती राखाडी स्क्रीन का येते?" जुन्या टीव्ही गेमच्या देवघेवीत बहुतेक भांडणं या एका प्रश्नावरून पेटतात. विकणारा शपथेवर सांगतो की पार्सल करायच्या आदल्या रात्री गेम लावून बघितला होता. घेणारा बंद स्क्रीनचा व्हिडिओ पाठवतो. दोघंही खरंच बोलत असतात. कॅसेट काढली, फुंकर मारली, परत खोचली की गेम सुरू. चार दिवसांनी पुन्हा येरे माझ्या मागल्या. पावसाळ्यात तर हे रोजचंच.

दुखणं परत येतं, कारण औषध दर वेळी कॅसेटलाच दिलं जातं. कॅसेट हातात येते, तिच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्या दिसतात, पुसता येतात. मशीनमधली खाच, खाचेच्या मागचे सोल्डर, म्हणजे पिना पाटीला जोडणारे टाके, आणि भिंतीला लटकलेला ॲडॅप्टर यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. त्यामुळे कापूस आणि स्पिरिट काढायच्या आधी दोष कुणाचा ते नक्की करायचं, एवढं एक पथ्य पाळलं तरी निम्मं काम होतं.

मी बोलतोय ते ६० पिनांच्या कॅसेटवर चालणाऱ्या मशीनबद्दल. मूळ मशीन निन्टेन्डोचं फॅमिकॉम, जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी आलेलं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आल्या त्या त्याच्या तैवान-चीनमधल्या नकला: सामुराय, लिटल मास्टर आणि खोक्यावर दुसरंच नाव छापलेली बाकीची भावंडं. कीबोर्डवाले 'शैक्षणिक कॉम्प्युटर', ज्यांच्या कॅसेटमध्ये टायपिंग आणि बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा असायची, तेही पोटातून हेच. आई-वडिलांना कॉम्प्युटर म्हणून दाखवायचं आणि संध्याकाळी मारिओ खेळायचा, अशी ती सोय होती. खाच एकच असल्यामुळे रोगही एकच.

अमेरिकेहून काका-मामांनी आणलेलं करड्या रंगाचं एनईएस (फॅमिकॉमचाच अमेरिकी अवतार) मात्र वेगळं प्रकरण आहे. त्याच्या कॅसेटला ७२ पिना असतात आणि आत एक कुलूप-चिप बसलेली असते. कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी तिचं बोलणं नीट झालं नाही की ती साधारण सेकंदाला एकदा मशीन रीसेट करत राहते. लाल दिवा आणि स्क्रीन लुकलुकते ती त्यामुळे. त्या चिपची चौथी पिन कापा असा सल्ला परदेशी व्हिडिओंमध्ये सर्रास दिला जातो. आपल्या नकलांमध्ये ही चिपच नसते. तो व्हिडिओ बघून सामुरायमध्ये कात्री घालणारे लोक आहेत, म्हणून हे लिहावं लागतंय.

आता फुंकरीबद्दल. फुंकर मारल्यावर गेम लागतो हे खरं आहे, पण काम फुंकर करत नाही, कॅसेट काढून परत खोचणं करतं. खोचताना खाचेतली स्प्रिंगसारखी पिन कॅसेटच्या पट्टीवर घासली जाते, वरचा गंजाचा पातळ थर खरवडला जातो आणि स्पर्श होतो. फुंकरीबरोबर जाते ती वाफ आणि थोडी थुंकी. ओलाव्याने त्या क्षणी थोडी मदत होतही असेल, पण तोच ओलावा पुढच्या आठवड्यातल्या गंजाची तयारी करतो. जुन्या कॅसेट उघडल्या की पट्ट्यांच्या मधोमध हिरवट-काळा पट्टा दिसतो आणि कडेच्या पट्ट्या त्या मानाने बऱ्या असतात. फुंकर मधेच बसते ना!

आधी दोष कुणाचा ते ठरवा

त्यासाठी दोन मशीन आणि तीन-चार कॅसेट लागतात. आपल्यासारख्यांच्या घरात तेवढ्या असतातच. नसतील तर दुसऱ्या संग्राहकाकडे चहाला जा. संशयित कॅसेट चांगल्या मशीनमध्ये लावा, चांगली कॅसेट संशयित मशीनमध्ये लावा. फुंकर न मारता, न पुसता. पुसलंत तर पुरावा गेला.

कॅसेट सगळीकडे रुसते पण मशीन बाकीच्या कॅसेट चालवतं, तर दोष कॅसेटचा. मशीनमध्ये सगळ्याच कॅसेट लहरीपणा करतात, तर खाच किंवा वीज. तिसरा प्रकार फसवा असतो: या मशीनमध्ये ही कॅसेट चालत नाही, बाकीच्या चालतात, आणि हीच कॅसेट दुसऱ्या मशीनमध्ये झकास चालते. इथे लोक डोकं धरून बसतात. कारण बहुतेकदा जाडीचं असतं. नकली कॅसेटमधल्या सर्किटच्या पाट्या एकाच जाडीच्या नसतात. जाड पाटीची ९९९९९९९ इन १ कॅसेट वर्षानुवर्षं त्या मशीनमध्ये खोचलेली राहिली की खाचेतल्या पिना फाकतात. मग पातळ पाटीची मूळ जपानी कॅसेट लावली की ती आत नुसती डुलते. कॅसेट निर्दोष, मशीनही तसं निर्दोष, जोडी जमत नाही.

टीव्हीलाही एकदा विचारून घ्या. नव्या एलईडी टीव्हीला अँटेनाच्या वायरीतून आलेला हा जुना सिग्नल कमकुवत वाटला की तो सरळ निळी स्क्रीन दाखवतो. निळी स्क्रीन टीव्हीची असते, राखाडी किंवा दुसऱ्या एका रंगाची स्थिर स्क्रीन मशीनची. पिवळी-पांढरी एव्ही पिन असेल तर ती वापरा, नसेल तर तपासणीपुरता जुना डबा टीव्ही गाठा.

स्क्रीन बघून पिन ओळखा

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे अंदाज संपतो. ६० पिनांची पट्टी म्हणजे कॅसेटच्या पाटीच्या एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ३०. त्यांची वाटणी सरळ आहे. पट्टीचा एक अर्धा भाग, पुढून आणि मागून मिळून, प्रोसेसरच्या कामाचा: गेमचा प्रोग्रॅम इथून वाचला जातो. दुसरा अर्धा भाग चित्र काढणाऱ्या चिपचा: पात्रं, विटा, ढग यांचे तुकडे तिथून येतात.

म्हणून संगीत व्यवस्थित वाजतंय, स्टार्ट दाबल्यावर गेम पुढेही जातोय, पण मारिओच्या जागी अक्षरांचा भुगा दिसतोय किंवा सगळ्या स्क्रीनवर उभ्या रेघा आहेत, तर प्रोसेसरची बाजू ठणठणीत आहे आणि चित्राच्या अर्ध्या भागातली एखादी पिन टेकत नाही. याउलट स्क्रीन एकरंगी, आवाज नाही किंवा एकच सूर अडकून राहिलाय, तर प्रोसेसरची बाजू बघा. गेम नीट दिसतो पण पुढे सरकताना पार्श्वभूमी चुकीच्या ठिकाणाहून उगवते, अर्धी स्क्रीन आधीच्या दृश्याची राहते, तर १८ नंबरच्या पिनेवर पहिला संशय घ्या. चित्राची मेमरी आडवी मांडायची की उभी, ते कॅसेट त्या पिनेवरून सांगते.

आणि आवाजाची गंमत तर अनेक मेकॅनिकनाही माहीत नसते. फॅमिकॉममध्ये आणि त्याची इमानदारीने नक्कल केलेल्या मशीनमध्ये आवाज कॅसेटमधून फिरून येतो. मशीन ४५ नंबरच्या पिनेवर आवाज बाहेर देतं, कॅसेटमध्ये ती पिन शेजारच्या ४६ला जोडलेली असते आणि तिथून आवाज परत मशीनमध्ये जातो. काही जपानी कॅसेटमध्ये आवाजाची जास्तीची चिप असायची, तिचा सूर मिसळता यावा म्हणून ही सोय.

रत्नागिरीकडून एका स्नेह्यांचं मशीन आलं होतं. चित्र काचेसारखं स्वच्छ, आवाजाचा पत्ता नाही. तिथल्या मेकॅनिकने आवाजाचा कपॅसिटर बदलला होता, टीव्हीची वायर बदलली होती, शेवटी "आयसी गेला" असा निकाल देऊन मशीन परत केलं होतं. खाचेत टॉर्च मारून भिंगातून पाहिलं तर मागच्या रांगेत मधल्या दोन पिनांवर मोरचुदासारखा निळसर हिरवा पापुद्रा. बाकीच्या पिना काळवंडलेल्या, पण टेकणाऱ्या. टाचणीच्या टोकाने पापुद्रा अलगद खरवडला, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसला, कॅसेट लावली आणि मारिओचा तो परिचित टुणटुणाट खोलीभर झाला. समुद्राजवळच्या घरांत असे एकट्या-दुकट्या पिनांवरचे गंज फार सापडतात. झुरळं हे दुसरं कारण. नकली मशीनच्या खाचेवर बहुतेकदा झाकण नसतं, आतली ऊब त्यांना मानवते, आणि त्यांची घाण तांब्याला खाते. पालीची अंडी निघालेली मशीनंही पाहिली आहेत.

कॅसेटची सफाई

आधी उघडा. जपानी फॅमिकॉम कॅसेट बहुतेकदा खटक्यांवर बसलेल्या असतात, नकलींमध्ये लेबलखाली एखादा फुलीचा स्क्रू लपलेला असतो, एनईएसला खास सॉकेट लागतं. खटक्याच्या कॅसेटला स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर कडेला पांढरा ओरखडा पडतो आणि पुढे विकताना तोच फोटोत सगळ्यात आधी दिसतो. जुनं एटीएम कार्ड किंवा गिटारचं प्लेक्ट्रम वापरा.

पट्ट्या पिवळ्या सोन्यासारख्या आहेत की चंदेरी, ते बघा. पिवळ्या म्हणजे सोन्याचा अतिशय पातळ मुलामा. त्याला फक्त आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे दुकानात मागायचं तर आयपीए, ९९ टक्केवालं. मेडिकलमधलं स्पिरिट नको. त्यात पाणी असतं. कानकाडी ओलवा, पट्टीच्या दिशेने वरून खाली ओढा, काडी काळी झाली की फेका, स्वच्छ निघेपर्यंत नवीन घ्या. आडवं घासलं तर एका पट्टीची घाण दुसरीवर जाते.

चंदेरी म्हणजे कथिलाचा थर किंवा सरळ तांबं. नकली कॅसेटमध्ये हेच जास्त. काळा थर आयपीएने निघाला नाही तर पांढरं मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका, पुन्हा आयपीए. खोडरबरावरून संग्राहकांत दोन तट आहेत. माझं मत: सोन्यावर कधीच नाही, कथिलावर अगदीच नाइलाज झाला तर. दर महिन्याला खोडरबर म्हणजे दर महिन्याला थोडी पट्टी कमी. पॉलिश पेपर, टूथपेस्ट, पितळेची भांडी घासायचं द्रावण, दार कुरकुरल्यावर मारतात तो तेलकट स्प्रे, यातलं काहीही नको. पॉलिश पेपरने घासलेली कॅसेट त्या दिवशी लखलखते आणि फोटो छान येतो. एका पावसाळ्यात ती पहिल्यापेक्षा काळी पडते, कारण खालचं उघडं तांबं हवेला मिळालेलं असतं. विकत घेताना जुन्या कॅसेटच्या पट्ट्या संशयास्पद चकचकीत आणि त्यांवर बारीक आडव्या रेघा असतील तर भाव पाडून मागा, किंवा सोडा.

खाच

कॅसेट स्वच्छ करून मळक्या खाचेत लावणं म्हणजे आंघोळ करून घामेजलेला सदरा चढवणं. तरी नव्वद टक्के सल्ले कॅसेटवरच थांबतात!

मशीनचा ॲडॅप्टर काढा. जुनं व्हिजिटिंग कार्ड घ्या, त्याला धुवून मऊ झालेल्या मलमलीची एकच घडी गुंडाळा, आयपीएने ओलवा, खाचेत सरळ खाली घाला आणि सरळ वर काढा. जाड घडी घालून पिना फाकवू नका. कापडावर पिनांच्या रांगेचे काळे ठसे उमटतात. ठसे फिके पडेपर्यंत कापड बदलत राहा. खालचा कचरा बाहेर यावा म्हणून मशीन उलटं करून टपल्या मारा. अर्धा तास वाळू द्या.

यानंतरही पातळ कॅसेट डुलत असेल तर पिना आत आणायला हव्यात. मशीन उघडा, खाच वरून उजेडात धरा. फाकलेली पिन रांगेतून मागे गेलेली लगेच दिसते. शिवणाची जाड सुई किंवा दाताच्या डॉक्टरचा आकडा पिनेच्या मागून घालून तिला केसभर पुढे आणा. केसभरच. जास्त वाकवली की मोडते, आणि मोडलेल्या एका पिनेपायी अख्खी खाच बदलावी लागते. ६० पिनांची नवी खाच ऑनलाइन मिळते. घेताना पिनांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर आहे ना ते बघा. एनईएसची ७२ पिनांची खाच २.५० मिलिमीटरची असते, चुकून ती मागवली तर काही उपयोग नाही. जुनी खाच उपसायची म्हणजे ६० सोल्डर उपसायचे. वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा पंप आणि विक (तांब्याची विणलेली पट्टी) हाताशी नसेल, नकली मशीनच्या पाटीवरचे तांब्याचे पातळ माग उचलले जाऊ नयेत असं वाटत असेल, तर हे काम मोबाइल दुरुस्तीवाल्या पोरांना द्या. त्यांचा हात बसलेला असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास असे हात सापडतात.

खाच बदलायच्या आधी मात्र मागचे सोल्डर बघाच. या मशीनांनी लहान मुलांच्या हातून वीस-वीस वर्षं कॅसेट खेचून घेतल्या आहेत. प्रत्येक खेचण्याचा झटका त्या ६० टाक्यांवर जातो. पाटी उलटी करून तिरक्या उजेडात बघितलं तर ढिल्या पिनेभोवती बारीक काळं वर्तुळ दिसतं. मेकॅनिक त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. खूण सोपी आहे: गेम चालू असताना कॅसेटला पुढे-मागे हलका धक्का दिला की चित्र बिघडतं आणि सोडलं की सुधारतं. दोन्ही टोकांच्या पिनांवर हे जास्त असतं. थोडं फ्लक्स, नवं सोल्डर, संपलं. खाचेवर महिनाभर कानकाड्या फिरवणाऱ्यांचं दुखणं कधी कधी या दहा मिनिटांच्या कामाने कायमचं जातं.

वीज, जिच्यावर कोणाचा संशय जात नाही

आता अशी केस घ्या: सकाळी सगळ्या कॅसेट चालतात, संध्याकाळी साडेसातनंतर मोठ्या मल्टिगेम कॅसेट मेन्यूवर येऊन अडकतात, रीसेट होतात. पट्ट्या लखलखीत, खाच नवी. सांगली जिल्ह्यातल्या एका घरातल्या कीबोर्डवाल्या मशीनचं हेच होत होतं, आणि घरच्यांनी ते 'तापतंय' म्हणून पंख्याखाली ठेवलं होतं. तिथे शेतीपंप सुरू झाले की घरातले बल्ब पिवळे पडायचे.

जुना ॲडॅप्टर म्हणजे आत फक्त ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि एखादा कपॅसिटर. वर ९ व्होल्ट छापलेलं असतं, पण भिंतीत २३०च्या जागी १८० असतील तर बाहेर पडणारंही त्याच प्रमाणात कमी. मशीनमध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारा ७८०५ नावाचा रेग्युलेटर बसलेला असतो. त्याला बाहेर ५ व्होल्ट द्यायचे तर आत किमान ७ लागतात. ॲडॅप्टरमधला कपॅसिटर तीस वर्षांनी वाळलेला असला की व्होल्टेज सेकंदाला शंभर वेळा खाली-वर होतं, आणि त्यातली प्रत्येक खाई ७च्या खाली गेली की प्रोसेसर गडबडतो. स्क्रीनवर हळूहळू वर सरकणारे आडवे पट्टे आणि आवाजात घूं-घूं ही त्याची आधीची सूचना असते.

तपासायला मल्टिमीटर घ्या. गेम चालू असताना ७८०५च्या तिन्ही पायांवर मोजा: छापील बाजू आपल्याकडे करून डावीकडून आत येणारं, मधे ग्राउंड, उजवीकडे बाहेर जाणारं. बाहेरचं ४.७५ ते ५.२५च्या मधे हवं. आतलं ७.५च्या आसपास लटपटत असेल तर ॲडॅप्टर बदला. हल्लीचा ९ व्होल्ट, १ अँपियरचा रेग्युलेटेड ॲडॅप्टर भिंतीतलं व्होल्टेज बरंच पडलं तरी तसाच ९ देत राहतो. फक्त पिनेची दिशा बघा. फॅमिकॉमला आतला मायनस आणि बाहेरचा प्लस लागतो. बाजारातले बहुतेक ॲडॅप्टर याच्या उलट असतात. नकलींमध्ये दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून मशीनवरची खूण वाचा आणि पुसली गेली असेल तर आत ग्राउंड कुठे जातं ते मीटरने शोधा. एनईएसचा मूळ ॲडॅप्टर ९ व्होल्टचाच, पण एसी देणारा. तो फॅमिकॉमला लावला की खेळ खलास. जपान-अमेरिकेतून आलेले १००-१२० व्होल्टचे ॲडॅप्टर आपल्या भिंतीत थेट घातले की काय होतं ते वासावरून कळतं.

दहा-पंधरा मिनिटं गेम उत्तम चालतो आणि मग बंद, थंड झाल्यावर पुन्हा चालू, असं असेल तर ७८०५ला हात लावून बघा. चटका बसतो? नकली मशीनमध्ये त्याची उष्णता ओढून घेणारा पाठीचा पत्रा कोणीतरी काढून टाकलेला असतो किंवा स्क्रू ढिला असतो. पत्रा परत बसवा, मधे थर्मल पेस्टचा ठिपका लावा. सांगलीच्या मशीनला नवा ॲडॅप्टर लावला. पंखा तेवढा कमी झाला.

स्पेक्ट्रमवाल्यांसाठी दोन ओळी जास्त

हाच रोग जुन्या होम कॉम्प्युटरलाही असतो. पुण्याच्या डेसिबेल्सने ऐंशीच्या दशकात ब्रिटिश सिंक्लेअर कंपनीच्या स्पेक्ट्रम कॉम्प्युटरचा परवाना घेऊन काढलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस अजून अधूनमधून जुन्या बाजारात दिसतो. त्याच्या मागे पाटीची कड उघडीच बाहेर येते आणि जॉयस्टिकचा इंटरफेस त्यावर नुसता खोचलेला असतो. टेबल हललं की रीसेट. सफाई तशीच, पण एक गोष्ट जिवावरची: चालू मशीनमध्ये इंटरफेस काढू-घालू नका. त्या कडेवर ५ व्होल्टच्या शेजारीच ९ व्होल्टची लाइन आहे, आणि १२ व्होल्टचीही त्याच कडेवर. खोचताना एक घर सरकलं की मेमरीच्या किंवा त्याहून महाग चिपा जातात. कडेला खाच असते, तिच्यात इंटरफेसची खुंटी बसते का बघा. खुंटी मोडलेला इंटरफेस फुकट मिळाला तरी तसाच लावू नका. सामुरायची कॅसेट चालू मशीनमधून उपटणारी आपली पिढी आहे, तिथे बहुतेकदा निभावलं. इथे निभावत नाही.

ठेवायचं कसं

मृगाच्या आधी कॅसेट हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या ओल धरतात, अधूनमधून कढईत मंद गरम करून घ्या किंवा नव्या घाला. रबरबँडने बांधू नका, रबरातल्या गंधकाने धातू काळा पडतो. आणि कपाटातल्या डांबरगोळ्या इथे नकोत. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक चिकट होतं आणि लेबलांचा वास कधीच जात नाही. मशीनमध्ये कॅसेट कायमची खोचून ठेवू नका. धूळ जाऊ नये म्हणून हवं तर खाचेवर पुठ्ठ्याचं झाकण करा.

घेताना आणि विकताना

'चालू आहे' या दोन शब्दांवर पैसे पाठवू नका. विकणाऱ्याकडून न कापलेला एकच व्हिडिओ मागा: मशीन बंद, कॅसेट बाहेर, पट्ट्या कॅमेऱ्यासमोर, फुंकर न मारता खोचली, चालू केलं, गेम सुरू झाला, थोडा पुढे सरकवला, आवाज ऐकू आला, बंद केलं आणि हेच पुन्हा. कॅसेट तिरकी धरून किंवा अर्धी वर ओढून चालवत असेल तर ते व्हिडिओत दिसतं. मशीन घेताय तर वीस मिनिटं चालू ठेवायला सांगा. समोरासमोर, म्हणजे चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात, टीव्ही मिळणार नाही. तिथे टॉर्च आणि भिंग खिशात ठेवा आणि खाचेत डोकावून मगच भाव करा. न तपासलेल्या वस्तूला न तपासलेल्याचाच भाव.

विकणाऱ्यांनी कॅसेट मशीनमध्ये खोचलेली ठेवून कुरिअर करू नये. रस्त्यात खोकं आपटलं की कॅसेट तरफेसारखी खाचेवर जोर देते आणि वर सांगितलेले टाके तिथेच सुटतात. "माझ्याकडे चालत होती" यातल्या बऱ्याच कथा खऱ्या असतात त्या अशा. कॅसेट वेगळी गुंडाळा, खाचेत पुठ्ठा घाला, आणि पार्सल फोडताना व्हिडिओ घ्या असं घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

शेवटी बरी न होणारी जात. नकली कॅसेटमध्ये चिपच्या जागी राळेचा काळा ठिपका असतो, त्याखाली चिप केसाहून बारीक तारांनी थेट पाटीला जोडलेली. ठिपक्यावर बोटाने दाबलं की चित्र येतं आणि सोडलं की जातं, तर आतली तार सुटली आहे. ती घरी काय, दुकानातही जोडता येत नाही. एकदा फक्त एवढं बघा, की ठिपका मुख्य पाटीवर आहे की कडेने सोल्डर केलेल्या छोट्या पाटीवर. छोट्या पाटीवर असेल तर कडेचे सोल्डर पुन्हा मारा, दोष तिथला असला तर कॅसेट जागी होते. मुख्य पाटीवरच असेल तर लेबल आणि कवच चांगलं असल्यास कोणीतरी कवचासाठी घेतं. विकताना 'बंद, फक्त कवच' असं स्पष्ट लिहा, आणि आतली पाटी काढून घ्या, म्हणजे तिसऱ्या हाताला ती 'चालू' म्हणून जाणार नाही.